अर्धवट सुटलेला सामना

वेम्बलीला जाते म्हटलं की आमच्या फुटबॉल क्लबातले लोक माझ्याकडे जरा आदरानं बघायचे. या देशात वेम्बली म्हणजे मोठं स्टेडियम, फायनल आणि राष्ट्रगीत. मी जायचे ती तिथल्या ईलिंग रोडवर मेथी, कढीपत्ता आणि ज्वारीचं पीठ आणायला. एकोणीस वर्षं मी एका क्लबची सेक्रेटरी होते आणि त्या स्टेडियमात एकदाही पाऊल टाकलं नाही. आमच्या क्लबनंही टाकलं नाही. त्यामुळे आमचं दोघांचं चांगलं जमलं.

तुम्ही टीव्हीवर इंग्लंडचा फुटबॉल बघता तो एका उंच इमारतीचे वरचे चार मजले. त्याखाली आणखी कितीतरी मजले आहेत आणि त्या सगळ्यांना मिळून नॉन-लीग म्हणतात. दर मोसमात प्रत्येक मजल्यावरचे पहिले एक-दोन संघ वर चढतात आणि तळाचे खाली उतरतात. आमचा क्लब जिन्याच्या बराच खाली राहणारा. बर्कशर परगण्यात, ब्रॅकनेलच्या बाजूला एका वीटभट्टीवरच्या कामगारांनी तो सुरू केला. भट्टी केव्हाच बंद पडली, तिथे आता घरं आहेत, क्लब मात्र राहिला. पत्र्याचं छप्पर असलेला एक स्टँड, मैदानाभोवती लोखंडी कठडा, एक बसकं क्लबहाउस. प्रेक्षक चांगल्या दिवशी शंभर, तेही कुत्री धरून. सेंटर-फॉरवर्ड पोस्टमन, गोलकीपर इलेक्ट्रिशियन. शुक्रवारी गोलकीपरला कामावर शॉक बसला तर शनिवारी आमची पंचाईत.

श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ब्रॅकनेलमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून इथे आलो. पुण्यात मी बारा वर्षं एका कॉलेजच्या परीक्षा विभागात होते. हॉल तिकिटं, हजेरीपट, गैरहजर मुलांच्या याद्या हे माझं राज्य होतं. इथे आल्यावर एका शाळेच्या ऑफिसात अर्धवेळ काम मिळालं, पण शनिवार अंगावर यायचा. एकदा फिरायला गेले असताना मैदानाच्या फाटकावर चिकटवलेला कागद दिसला. ‘सेक्रेटरी हवा. फुटबॉल कळण्याची गरज नाही. फायली नीट ठेवता याव्यात.’ पगाराचा उल्लेख नव्हता, कारण पगार नव्हता.

चेअरमन केन छपरावर बसून पत्रे ठोकत होता. तो पेशानं छपरंवाला, आणि तो स्टँड त्याच्या वडिलांनी बांधलेला. शिडीवरून उतरून त्यानं माझी मुलाखत घेतली. प्रश्न दोनच. फायली ठेवता येतात का, आणि चहात दूध किती? दोन्ही उत्तरं त्याला पटली असावीत. “सोमवारी ये, लव्ह,” तो म्हणाला. इथले म्हातारे कोणालाही लव्ह म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घरी येईपर्यंत माझे कान लाल होते. (आमची सगळी बोलणी अर्थात इंग्रजीत व्हायची. मी ती माझ्या मराठीत सांगते आहे.)

लोकांना वाटतं क्लब खेळाडू चालवतात. क्लब कागद चालवतो. प्रत्येक खेळाडूची नोंदणी वेळेत करायची. समोरच्या क्लबला आणि रेफरीला आठवडाभर आधी पत्र पाठवायचं: मैदान कुठे, सामना किती वाजता, आमच्या शर्टाचा रंग कोणता, मोज्यांचा कोणता. सामन्याआधी दोन्ही संघांच्या नावांच्या चिठ्ठ्या अदलाबदल करायच्या, संपल्यावर लगेच लीगला निकाल कळवायचा. कोणाला लाल कार्ड मिळालं, तर त्याला किती सामने बाहेर बसवायचं ते मोजायचं. हल्ली कॉम्प्युटर लाल अक्षरांत बजावतो. तेव्हा ही मोजणी सेक्रेटरीची डायरी करायची.

शिवाय एक मोठं काम म्हणजे मिनिट्स, सभेची इतिवृत्तं. क्लबची सगळी जुनी मिनिट बुकं एका बिस्किटांच्या मोठ्या डब्यात होती. पहिल्या हिवाळ्यात मी ती एकेक करून घरी नेऊन वाचून काढली. सुरुवातीच्या एका पानावर फक्त एवढंच होतं: ‘ठरले की एक चेंडू घ्यावा.’ युद्धाच्या काळात गोलपोस्ट काढून मैदानात बटाटे लावले होते, आणि बटाट्याचं पीक कसं आलं याचीही नोंद होती. एकदा क्लब तीन मजले चढला, एकदा चार उतरला. एकदा तर रात्रीच्या वादळानं छप्पर शेजारच्या गायरानात नेऊन टाकलं. सगळं टिपलेलं, आणि कुठेही शेखी नाही की रडगाणं नाही. मी देशाचा इतिहास परीक्षेपुरता वाचला, पण या वीटभट्टीवाल्यांचा इतिहास मला तोंडपाठ झाला. ही वही आपल्या हातात आहे याचा मला फार अभिमान वाटायचा, आणि वाटतोच.

माणसं एकेक नमुनेदार. आमच्या पातळीवर कधीकधी लाइन्समन, म्हणजे कडेचा झेंडेवाला पंच, येतच नाही. मग क्लबानं कोणाच्या तरी हातात झेंडा द्यायचा. अशाच एका शनिवारी श्रीकांत माझा विसरलेला डबा द्यायला आला आणि रेफरीनं डब्याच्या बदल्यात त्याच्या हातात झेंडा दिला. श्रीकांत टेस्टर. चुका शोधण्यात त्याचा जन्म गेलेला. शेवटच्या पाच मिनिटांत आमच्या पोस्टमननं, मार्कसनं, गोल मारला. सगळे नाचायला लागले आणि माझा नवरा कठड्याजवळ झेंडा उंच धरून पुतळ्यासारखा उभा. ऑफसाइड. आपल्याच संघाचा गोल त्यानं रद्द करवला. आमचा मॅनेजर डीन त्याला काय काय बोलला ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

“तो ऑफसाइड होता ना पण!” गाडीत श्रीकांत म्हणाला. “क्लिअर दोन फूट पुढे होता. मी काय करणार, सांग?”

“काही नाही. डबा तरी खाल्लास का?”

“डबा रेफरीनं खाल्ला.”

दुसरा नमुना आर्थर. केंब्रिजमध्ये कुठल्याशा प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेला हा निवृत्त गृहस्थ ग्राउंडहॉपर होता. म्हणजे देशातल्या प्रत्येक मैदानावर जाऊन एकेक सामना बघायचा आणि वहीत टिक करायची, हा त्याचा छंद. कोण जिंकलं याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नसायचं. तो पहिल्यांदा आमच्याकडे आला तो जानेवारीतला शनिवार. दुपारभर असा पाऊस कोसळत होता की चेंडू लाथ मारल्यावर जागच्या जागी थांबून विचार करायचा. बासष्टाव्या मिनिटाला रेफरीनं शिट्टी फुंकली आणि सामना सोडून दिला. मी लीगचा फॉर्म भरला. ‘सामना अर्धवट सोडला. कारण: पाऊस.’ आर्थर निथळत्या कोटानं क्लबहाउसमध्ये आला, कपभर सूप प्याला आणि तोंड पाडून परत गेला. का ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

कारण त्या वेळी मार्कस बंदीवर होता. एका डिफेंडरला ढकलून दिल्याबद्दल त्याला लाल कार्ड मिळालं होतं आणि तीन सामने बाहेर बसायचं होतं. पावसाचा सामना त्यातला दुसरा. त्याच्या पुढचा तिसरा. मी डायरीत तीन वेळा टिक केली आणि डीनला कळवलं की पोस्टमन मोकळा. चौथ्या सामन्यात तो खेळला, त्यानंच एकमेव गोल मारला आणि आम्ही जिंकलो. नंतरच्या शनिवारी तो बहिणीच्या लग्नाला गेला आणि पुढे मोसम संपेपर्यंत नीट खेळत राहिला.

तो मोसम आमचा तळाशी चाललेला. शेवटच्या शनिवारी घरच्या मैदानावर बरोबरी जरी झाली तरी खाली उतरायचं टळणार होतं. खाली उतरणं म्हणजे नुसता मजला बदलणं नव्हे. बरे खेळाडू निघून जातात, त्यांच्यामागून प्रेक्षक जातात, आणि मग एखाद्या वर्षी कोणीतरी म्हणतं की आता बंदच करू या. आमच्या आसपासचे दोन क्लब असेच संपले होते. केननं त्या आठवड्यात काहीच कारण नसताना सगळं छप्पर पुन्हा ठोकून काढलं.

बरोबरी झाली. दोन गुणांनी आम्ही वाचलो. क्लबहाउसमध्ये माणसं टेबलांवर चढली होती, डीन रडत होता, मार्कसनं मला उचलून गोल फिरवलं. मला खाली ठेवलं तेव्हा समोर आर्थर उभा होता, हातात वही आणि पेन.

“तुम्ही पुन्हा?” मी विचारलं. “आमच्याकडे तर येऊन गेला होतात ना?”

“तो सामना अर्धवट सुटला होता,” आर्थर म्हणाला. “अर्धवट सुटलेला धरायचा नसतो. मला परत यावंच लागलं.” आणि त्यानं समाधानानं वहीत टिक केली.

मी हसले. त्याला चहा दिला. कप बशीवर ठेवता ठेवता मला तो पावसाचा शनिवार आठवला, आणि डायरीतली दुसरी टिक. अर्धवट सुटलेला धरायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नियमांचं पुस्तक घेऊन बसले. नियम अगदी सरळ होता: बंदीत फक्त पूर्ण झालेला सामना मोजावा. मी तो वाचलाही होता. पण परीक्षा विभागात बारा वर्षं आम्ही एक गोष्ट गिरवली होती. मुलगा पेपरला बसला, त्यानं सही केली, आणि अर्ध्या तासात उठून गेला, तरी हजेरीपटावर तो हजरच. तो पेपर त्याचा झाला. पावसाचा सामना सुरू झाला होता, मार्कस बाहेर बसला होता, म्हणून माझ्या हातानं सवयीनं टिक केली. पुण्याचा हजेरीपट मी बर्कशरच्या चिखलात वापरला होता. म्हणजे बंदीतले पूर्ण सामने दोनच झाले होते आणि चौथ्या सामन्यात तो बंदीवरच होता. बंदीचा तिसरा सामना भरला तो बहिणीच्या लग्नात. त्या जिंकलेल्या सामन्याचे तीन गुण आमचे नव्हते आणि आम्ही वाचलो होतो दोन गुणांनी.

श्रीकांतनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“कोणी कम्प्लेंट केलीये?”

“नाही.”

“ऑपोझिशनला माहीत आहे? लीगला?”

“नाही. कोणालाच नाही.”

“मग सोड ना, सुनंदा. सीझन ओव्हर आहे. प्रॉडक्शनमध्ये बग गेला आणि कोणी रिपोर्टच केला नाही, तर आम्ही पण हात लावत नाही. तू कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस? त्या लोकांचा विचार कर.”

“त्यांचाच करतेय. तू झेंडा का वर केलास त्या दिवशी?”

तो उठून कप काढायला लागला. मग म्हणाला, “चहा ठेवतो. पिऊन जा.”

मी चालत मैदानावर गेले. खरं सांगते, त्या वीस मिनिटांत माझ्या मनात नियमाचा विचार कमी आणि स्वतःचा जास्त होता. या देशात शाळेत, दवाखान्यात, शेजारी सगळे माझ्याशी चांगलेच वागत आले. पण सगळीकडे मी पाहुणी होते. पाहुण्याला कोणी रागावत नाही. क्लबात मात्र लोक मला रागवायचे, माझ्यावर ओरडायचे, माझ्या हातचा उपमा खाऊन यात मीठ कमी आहे म्हणायचे. मला वाटत होतं की आज ते दार माझ्याच हातानं बंद होणार.

केन गोलच्या जाळ्या सोडवत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं जाळीची गाठ सोडवणं थांबवलं नाही.

“आणखी कोणाला माहीत आहे?”

“श्रीकांतला.”

“तो बोलेल?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगतेस?”

“लीगला पत्र लिहायचंय. तुझी परवानगी हवी.”

केननं जाळी खाली टाकली. “परवानगी हवी असती तर फोन केला असतास. चालत आलीस म्हणजे तुझं ठरलंय.” तो त्या पत्र्याच्या छपराकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्यानं लपवलेही नाहीत. मग म्हणाला, “चल. किटली लावतो. तू लिही.”

पत्र सहा ओळींचं झालं. चूक माझी, खेळाडूची नाही, मॅनेजरची नाही. सही मी केली. केननं पेन मागून घेतलं आणि माझ्या नावाखाली आपली सही केली. तिची नियमानं काही गरज नव्हती.

लीगनं तीन गुण कापले. आम्ही एका गुणानं खाली गेलो. पत्रात त्यांनी आमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं होतं. कौतुकानं मजला बदलत नाही. डीननं त्याच आठवड्यात राजीनामा दिला आणि जाताना चार खेळाडू घेऊन गेला. तो माझ्याशी आजही बोलत नाही. सुपरमार्केटमध्ये समोर आला की दुसऱ्या रांगेत वळतो. मी त्याला दोष देत नाही. त्यानं तो संघ तळातून दातांनी ओढून काढला होता आणि मी एका चुकीच्या टिकमुळे पाण्यात घातला. ही एक गोष्ट मनातून जात नाही.

मार्कसला सांगायला मी त्याला टपालाच्या फेरीत रस्त्यातच गाठलं. त्यानं पिशवी खांद्यावरून उतरवली आणि ऐकून घेतलं.

“म्हणजे माझा तो गोल गेला?”

“गेला.”

“आधी तुझ्या नवऱ्यानं एक रद्द केला. आता तू एक. घरात अजून कोण आहे?” एवढं बोलून तो हसला नाही. पिशवी उचलून पुढच्या घराकडे गेला आणि महिनाभर दिसला नाही.

जूनमध्ये क्लबची वार्षिक सभा असते. सगळी पदं तिथे रिकामी होतात आणि पुन्हा भरली जातात. एकानं नाव सुचवायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं. मी राजीनामा लिहून नेला होता. क्लबहाउसमध्ये तीसेक माणसं होती, मागे भिंतीला टेकून मार्कसही. संध्याकाळी सातला सभा सुरू झाली; जूनमध्ये इथे नऊपर्यंत दिवस मावळत नाही. केन अध्यक्षस्थानी, शेजारी मी मिनिट बुक उघडून. दुःखातली गंमत अशी की सेक्रेटरीच्या राजीनाम्याची नोंदही सेक्रेटरीनंच करायची असते.

मागच्या मिनिट्स वाचून झाल्या. मी उभी राहिले, कागद उघडला आणि वाचायला लागले. “या मोसमात माझ्या हातून घडलेल्या चुकीमुळे मी सेक्रेटरीपदाचा—”

केननं टेबलावर हात आपटला. “थांब.”

मी थांबले.

“पाऊस लागलाय,” केन म्हणाला.

सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

“मैदान खेळण्यालायक नाही,” केन म्हणाला. “अध्यक्ष या नात्यानं मी ही सभा अर्धवट सोडतोय. पुढच्या बुधवारी पहिल्यापासून. आणि अर्धवट सुटलेली,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “धरायची नसते. आपल्या सेक्रेटरीनं त्याची किंमत मोजून आपल्याला शिकवलंय.”

मग मागून मार्कसचा आवाज आला, “चांगलाच भिजलो बुवा!” आणि हशा पिकला. मी खाली बसले आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा रडत होते, आणि कोणीही सभ्यपणे दुसरीकडे बघितलं नाही. कोणीतरी रुमाल दिला, कोणीतरी पाठीवर धपाटा घातला. राजीनाम्याचा कागद केननं उचलून दुमडला आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला.

पुढच्या बुधवारी मार्कसनं माझं नाव सुचवलं. अनुमोदन कोणाचं लिहायचं ते मला कळेना, कारण सगळेच एकदम बोलले. मी शेवटी केनच्या कुत्र्याशेजारी बसलेल्या माणसाचं लिहिलं. तीन मोसमांनी आम्ही पुन्हा वरच्या मजल्यावर चढलो. मार्कस तेव्हा राखीव खेळाडूंत होता, गुडघा गेला होता, पण पत्र वाटायची त्याची चाल तशीच होती. क्लब अजून आहे. स्टँड आहे, छप्पर आहे, आणि टेबल आता हलत नाही.

यंदा माझी दृष्टी आणि गुडघे दोन्ही कुरकुरायला लागले, म्हणून मी बिस्किटांचा डबा नव्या सेक्रेटरीच्या हवाली केला. कॅरल तिचं नाव, शाळेत शिक्षिका आहे. देण्याआधी मी सगळी पानं एकदा चाळली. वीटभट्टीवाल्यांनी चेंडूपासून बटाट्यांपर्यंत जे जे लिहिलं ते खरं लिहिलं. माझ्या एकोणीस वर्षांच्या नोंदीही खऱ्या आहेत. फक्त एक सोडून. तेवढं पान उघडून मी कॅरलला दाखवलं आणि सांगितलं, याला कधी दुरुस्ती लावू नकोस.

जून महिन्याचं ते पान आहे. माझंच अक्षर, खाली केनची गंभीर सही. ‘सात वाजून दहा मिनिटांनी सभा अर्धवट सोडली. कारण: पाऊस.’

त्या संध्याकाळी बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.